तुम्ही विचारलंत म्हणून : फूल, मोती आणि पडदा

‘बाई, आता इतके सुंदर व्हिडिओ मिळतात. मग मुलांच्या हातात बकऱ्याचा डोळा कशाला देता?’

पालकसभेत हा प्रश्न दरवर्षी येतो. कुणी काळजीने विचारतं, कुणी नाक मुरडून. दारात उभ्या उभ्या दिलेलं उत्तर अर्धवटच राहतं, म्हणून आज नीट सांगते.

आधी मनातली शंका काढून टाकते. डोळा कापून बघण्याच्या या तासासाठी एकही जनावर मारलं जात नाही. २०१४ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने प्राणिशास्त्राच्या अभ्यासक्रमातली प्राण्यांची विच्छेदनं थांबवली, ते मला मनापासून पटलं. प्रयोगासाठी बेडूक मारताना मी विद्यार्थिदशेत पाहिले आहेत. ते पुन्हा नको. आमच्या गावातला मटणवाला मुंडी साफ करताना डोळे काढून टाकतो, तेच मी रविवारी सकाळी डब्यात बर्फ घालून आणते. ज्या घरात माळ आहे, ज्या मुलाला नकोच वाटतं, त्याला मी कधीही आग्रह करत नाही. ते मूल फळ्याजवळ बसून नोंदी करतं, आकृती काढतं. त्याचे गुण कमी होत नाहीत.

आता खरं उत्तर. दहावीच्या भिंगांच्या धड्यात डोळ्याची आकृती आहे. पारपटल, परितारिका, नेत्रभिंग, दृष्टिपटल अशी नावं मुलांना पाठ असतात. आणि घरी त्यांच्या कानावर वेगळेच शब्द पडत असतात : फूल पडलं, मोती झाला, काचबिंदू निघाला, पडदा सरकला. पुस्तकातला डोळा आणि घरातला डोळा एकच आहे, हे त्यांना कुणी दाखवलेलंच नसतं. मला ते दाखवायचं असतं.

पहिल्या वर्षी माझी चूक झाली. डोळे आदल्या दिवशी आणून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी डबा उघडला, तर सगळ्यांची बुबुळं धुरकट. एक मुलगा म्हणाला, ‘बाई, या सगळ्या बकऱ्यांना मोतीबिंदू होता.’ मला वाईट वाटलं, तास वाया गेला असं वाटलं. पण त्या वाक्यावरच पुढचा तास उभा राहिला. आम्ही डोळा कापला. धुरकट होतं ते पुढचं पारपटल. आतलं भिंग बऱ्यापैकी स्वच्छ होतं. म्हणजे हा मोती नव्हे. पारपटलावर व्रण राहून पांढरा डाग पडतो, त्याला आपण फूल म्हणतो. फूल पुढच्या काचेवर, मोती आतल्या भिंगात. दोन्ही पांढरेच, पण जागा वेगळी, म्हणून उपायही वेगळा.

नेत्रदान सहा तासांच्या आत का करायचं, हेही त्याच धुरकट बुबुळांनी समजावलं. मृत्यूनंतर पारपटल फार काळ चांगलं राहत नाही. नेत्रदानात अख्खा डोळा दुसऱ्याला बसवतात, असं आमच्याकडे अजून पुष्कळांना वाटतं. बसवतात ते हे पारपटल. मधोमध जेमतेम अर्ध्या मिलिमीटरची ही पारदर्शक चकती, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात, म्हणून दुसऱ्याची असली तरी शरीर ती सहसा नाकारत नाही. पहिलं यशस्वी पारपटल-रोपण नेत्रतज्ज्ञ एडुआर्ड झिर्म यांनी १९०५ साली केलं, तेव्हा हा नकार रोखणारी आजची औषधं नव्हती. मुलं ती चकती बोटावर घेऊन खिडकीकडे धरतात आणि तिच्यातून पलीकडचं झाड बघतात.

कापणं सोपं नसतं. डोळा द्राक्षासारखा फुटेल असं मुलांना वाटतं. आधी भोवतालची चरबी आणि लालसर स्नायू कात्रीने काढायचे, मागचा पांढरा देठ, म्हणजे मेंदूकडे जाणारी नस, दृक्‌चेता, तेवढी राखायची. मग बुबुळ आणि देठ यांच्या मध्यावर, पांढऱ्या भागात ब्लेडच्या टोकाने छिद्र पाडायचं. हा पांढरा भाग चांगलाच चिवट असतो, चामड्यासारखा. ब्लेड मी धरते, पुढे मुलांनी बोथट टोकाच्या कात्रीने गोल कापत जायचं. हातमोजे आणि चष्मा सक्तीचे, कारण आतलं पाणी कधी कधी उडतं. दर दोन मिनिटांनी मी थांबवते आणि विचारते, ‘आता कात्री कशाला लागली?’ उत्तर मिळाल्याशिवाय पुढे जायचं नाही.

पुढचा अर्धा भाग उलटा केला की भिंग दिसतं, काळ्या झालरीच्या मधोमध बारीक तंतूंनी धरलेलं. पारपटल आणि बाहुलीभोवतीची रंगीत परितारिका जिथे भेटतात, तो कोपरा मी इथेच दाखवते. डोळ्यातलं पाणी तिथून निचरा होतं. निचरा अडला की आतला दाब वाढू शकतो आणि त्या दाबाने मागचा देठ हळूहळू मरतो. हा काचबिंदू. गेलेली नजर परत येत नाही, म्हणून तपासणीला जायचं असतं, एवढं मी आवर्जून सांगते.

भिंग सोडवून वर्तमानपत्रावर ठेवलं की खालची बारीक अक्षरं मोठी होतात. चिमट्यात धरून लांबच्या खिडकीकडे रोखलं की खिडकी त्यात उलटी दिसते. मग मी एक भिंग उकळत्या पाण्यात टाकते. बघता बघता ते पांढरंफटक होतं, अंड्याच्या बलकाभोवतीच्या पांढऱ्यासारखं. प्रथिनं गोळा झाली, उजेड अडला. माणसाच्या डोळ्यात हे गोळा होणं वर्षानुवर्षं हळूहळू चालतं, एवढाच फरक.

एका मुलीची आजी तीन वर्षं मोती पिकायची वाट बघत होती. पूर्वी डॉक्टरही थांबायला सांगत. आता तशी गरज नसते. नातीने घरी जाऊन सांगितलं, ‘आजी, वरचं कातडं नाही काढत. आतला मणी पांढरा होतो, तो काढून नवा घालतात.’ नवा मणी कसा सुचला, तेही मी वर्गात सांगितलं होतं. दुसऱ्या महायुद्धात वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लास्टिकचे कण शिरले, तरी डोळ्याने ते सोसले, हे नेत्रतज्ज्ञ हॅरॉल्ड रिडली यांनी पाहिलं आणि १९४९ साली लंडनमध्ये पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. आजी दिवाळीआधी शस्त्रक्रियेला तयार झाली. नंतर मला शाळेच्या फाटकाशी भेटली, तेव्हा माझ्या साडीचा काठ कोणत्या रंगाचा आहे ते तिने न विचारता सांगितलं.

मागच्या अर्ध्या भागात जेलीसारखा गोळा असतो. तो काढला की निळसर हिरवा थर लखलखतो. मेंढपाळाच्या घरातला एक मुलगा एकदम उठला : ‘रात्री बॅटरी मारली की शेळ्यांचे डोळे चमकतात, ते हेच का बाई?’ हेच. आलेला उजेड हा थर परत फिरवतो, अंधारात त्यांना तो दोनदा वापरता येतो. माणसाला हा थर नाही. हा प्रश्न व्हिडिओला कुणी विचारला नसता, कारण व्हिडिओत डोळा कोणाचाच नसतो.

त्या थरावर दुधाच्या सायीइतका पातळ पडदा असतो, दृष्टिपटल. चिमट्याने हलकेच ढकललं की तो घसरत एका जागी गोळा होतो आणि तिथे धरलेला राहतो, जिथे दृक्‌चेता बाहेर पडते. पडदा सरकणं म्हणजे काय, ते मला बोलून सांगावं लागत नाही. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, विजेसारखे लखलखाट आले तर त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा, हे मात्र मी फळ्यावर लिहिते.

ज्या जागी पडदा धरलेला असतो, तिथे उजेड टिपणाऱ्या पेशीच नसतात. मग आम्ही सगळं आवरतो, साबणाने हात धुतो. मुलं वहीवर डावीकडे फुली आणि आठेक सेंटिमीटरवर उजवीकडे ठिपका काढतात. डावा डोळा झाकून उजव्याने फुलीकडे बघत वही हळूहळू जवळ आणतात. हातभर अंतरावरून येता येता, साधारण तीस सेंटिमीटरला, ठिपका नाहीसा होतो. वर्गात कुणी बोलत नाही. वह्या मागे जातात, पुन्हा पुढे येतात.