घरचा मेल सर्व्हर, भाग ५: आईच्या मेल माझ्याच खात्यात

तीन रात्री गेल्या, पण सापडलं एकदाचं.

गेल्या भागात पोस्टफिक्स (मेल घेणारा-पाठवणारा) आणि डव्हकॉट (मेल खात्यांत ठेवणारा) यांची एलएमटीपीवर, म्हणजे मेल हातात देण्याच्या प्रोटोकॉलवर, गाठ घालून दिली होती. घरातल्या चारही पत्त्यांवर मेल नीट पडत होत्या. मग मला हौस आली कॅच-ऑलची, म्हणजे डोमेनवरच्या कुठल्याही पत्त्याची मेल एकाच खात्यात घेण्याची. प्रत्येक दुकानाला वेगळा पत्ता द्यायचा आणि सगळं माझ्याकडे. व्हर्च्युअल एलियस मॅपमध्ये (कुठल्या पत्त्याची मेल कुठे वळवायची, त्याची यादी) एक ओळ टाकली: डावीकडे नुसतं @ आणि डोमेन, उजवीकडे मी. ती यादी पोस्टफिक्ससाठी तयार करणारं पोस्टमॅप चालवलं आणि झोपलो.

दोन दिवसांनी आईचा फोन. "अरे, मला एकही मेल येत नाहीये."

लॉगमध्ये तक्रार शून्य, सगळीकडे 'सेंट'. मी डव्हकॉटच्या मागे लागलो. व्हीमेलचा (मेल सांभाळणारा सिस्टीम युजर) यूआयडी, म्हणजे क्रमांक, ५००० बरोबर, मेलडिरच्या (मेल साठवायचं फोल्डर) परमिशन बरोबर. एलियस मॅपवरही संशय आला होता, पण पोस्टमॅपला -क्यू (यादीत शोधायचा पर्याय) लावून आईचा पत्ता विचारला तर उत्तर कोरं. मी त्याला निर्दोष सोडला, आणि तिथेच फसलो! -क्यू दिलेला पत्ता फक्त जसाच्या तसा शोधतं. पोस्टफिक्स मात्र पूर्ण पत्ता सापडला नाही की @डोमेनवर उतरतो. त्यात एलियसचा नंबर मेलबॉक्सच्या आधी. आईचं खातं आहे की नाही हे बघायच्या आतच मेल माझ्याकडे वळत होती. लॉगमध्ये 'ओरिग-टू' (मूळ पत्ता) आई, 'टू' (प्रत्यक्ष पोचवलेला पत्ता) मी. तिन्ही रात्री डोळ्यांसमोर होतं. आणि माझ्या सीव्हने (मेल फोल्डरांत लावणारे नियम) ते सगळं इमानदारीत 'दुकानं' फोल्डरमध्ये लावून ठेवलेलं.

उपाय हास्यास्पद आहे. एलियस मॅपमध्ये प्रत्येक खऱ्या पत्त्याची स्वतःकडेच बोट दाखवणारी ओळ: डावीकडे आई, उजवीकडेही आई. पोस्टमॅप, चाचणीची मेल, आणि आईच्या फोनवर टिंग. काय वाटलं म्हणून सांगू!

(चार पत्त्यांसाठी मायएसक्यूएल डेटाबेस लावा म्हणणाऱ्यांना लांबूनच नमस्कार. टेक्स्टहॅश, म्हणजे साधी मजकुराची फाइल थेट वाचणारा प्रकार, पुरे; पोस्टमॅपही नको, फक्त रीलोड.)

पण हे लिहितानाच वाटतंय, कॅच-ऑल हवाच कशाला? रेसिपियंट डिलिमिटर आहे की: नावापुढे एक चिन्ह आणि त्यापुढे हवा तो शब्द, मेल त्याच खात्यात. अधिकचं चिन्ह (+) बऱ्याच वेबसाइटच्या फॉर्मना चालत नाही, पण पोस्टफिक्स २.११ पासून एकाहून जास्त चिन्हं देता येतात, मग डॅशही चालेल. डव्हकॉटलाही तेच सांगावं लागेल. म्हणजे आज घातलेल्या ओळी रविवारी पुसायच्या. डीकेआयएम (पाठवलेल्या मेलवर डोमेनची डिजिटल सही) पुढच्या भागात.