तीन सेंटिमीटर

शेजारच्या काकांनी गॅलरीतून विचारलं, “काय रे, चारही चाकं पंक्चर?” मी उत्तर दिलं नाही. पोटावर पडून बोल्टवर तेल मारत होतो आणि तो बोल्ट हलायला तयार नव्हता.

आमची २०१३ची स्विफ्ट. चाक आणि मडगार्डमधली फट मला पहिल्या दिवसापासून खुपायची, चार बोटं घातली तरी जागा उरायची. शेवटी ३० मिलिमीटर खाली बसवणाऱ्या स्प्रिंगा मागवल्या. बाबांचं आयुष्य लेथवर गेलेलं. त्यांनी स्प्रिंग हातात घेतली, फिरवून पाहिली आणि म्हणाले, “ही जुनीपेक्षा कडक असणार.” असायलाच हवी. गाडी खाली बसली की दबायला जागा कमी उरते. स्प्रिंग मऊ ठेवली तर प्रत्येक खड्ड्यात शॉकअप रबरी स्टॉपवर आपटेल. जुनीच स्प्रिंग ग्राइंडरने कापणारे महाभागही आहेत. पण कापलेलं टोक बैठकीत नीट बसत नाही, आणि चाक हवेत लटकलं की स्प्रिंग सैल पडते.

मागचं काम सोपं. स्विफ्टला मागे आडवा बीम, त्यावर स्प्रिंग वेगळी आणि शॉकअप वेगळा. गाडी उचलून लोखंडी घोड्यांवर, म्हणजे स्टँडांवर, बीमखाली जॅक. शॉकअपचे खालचे बोल्ट काढले, जॅक हळूहळू सोडला, स्प्रिंग हाताने निघाली. अर्ध्या तासात दोन्ही बाजू झाल्या आणि मला वाटलं, दुपारी जेवायला घरात.

पुढे स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते, दाबलेल्या अवस्थेत. शॉकअपला जोडलेली लिंक रॉड नावाची सळई सोडवायची, ब्रेकचा पाइप आणि एबीएसची (ब्रेक मारताना चाक जाम होऊ न देणाऱ्या यंत्रणेची) वायर क्लिपांतून काढायची, चाक ज्यावर बसतं तो हब सुतळीने बांधून ठेवायचा. नाहीतर सगळा भार ब्रेकच्या पाइपवर येतो. एवढं करून तो सगळा संच बाहेर आला की खरी भीती सुरू. वरचा नट तसाच उघडला तर स्प्रिंग वरची प्लेट घेऊन तोंडावर येते. पुढच्या एकेका चाकावर गाडीचं अडीचशे किलोच्या वर वजन असतं, ते तोलणारी ही वस्तू. स्प्रिंग दाबून धरणारे दोन शिकंजे समोरासमोर लावले. एकाला अर्धा आटा, मग दुसऱ्याला अर्धा. बाबा खुर्ची सरकवून बाजूला बसले, “तोंड बाजूला कर” एवढंच म्हणत राहिले. स्प्रिंग बैठकीवरून सुटून हाताने हलायला लागली, तेव्हाच नटाला पाना लावला.

नवीन स्प्रिंग आखूड, त्यामुळे ती जवळजवळ न दाबताच बसली. याच आनंदात चूक झाली. स्प्रिंगचं खालचं टोक बैठकीतल्या खाचेला टेकायला हवं, माझं बोटभर सरकलेलं होतं. संध्याकाळी स्टिअरिंग वळवलं की डावीकडून ‘टक्क’. डावी बाजू पुन्हा उघडली. बाबांनी टॉर्च धरला. बोलले काही नाहीत, ते जास्त लागलं.

शॉकअपचे खालचे रबरी बुश असलेले बोल्ट मात्र गाडी चाकांवर उतरवल्यावरच शेवटचे आवळले. हवेत आवळले तर बुश कायम पिळलेला राहतो आणि लवकर फाटतो. दुसऱ्या दिवशी अलाइनमेंट, म्हणजे चाकांचे कोन जुळवणं. गाडी खाली आली की पुढची चाकं वरून आत झुकतात, ‘टो’, म्हणजे चाकं समोरून किती आत-बाहेर वळलेली आहेत ते, हेही बदलतं. ते न करता फिरवली तर टायर आतल्या कडेने खलास.

चालवायला कशी? वळणावर झुकत नाही, मजा येते. सिमेंटच्या रस्त्याचा प्रत्येक सांधा मात्र कमरेत मोजता येतो. जमिनीपासूनचं अंतर कागदावर १७० मिमी होतं, ते आता १४०. रस्त्यांची मानकं ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९८८च्या मापाने गतिरोधक १० सेंटिमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद हवा. आमच्या गल्लीतला उंचीला त्याहून सरस, रुंदीला दोन वीत. चौघं बसले की मी तो तिरका चढवतो.

जुन्या स्प्रिंगा गोणपाटात बांधून माळ्यावर ठेवल्यात. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ फेरफारांच्या बाबतीत कडक आहे, उद्या कुणी बोट दाखवलं तर परत चढवता येतील.

रविवारी आई पहिल्यांदा बसली. दार उघडून, गुडघ्यावर हात ठेवून थांबली. “तीन सेंटिमीटर म्हणालास ना?” म्हणाली, “उतरताना हात दे.”