आज मांडूला जायचं राहिलं, पण बरंच झालं

सकाळी पोहे-जलेबी आणून गाडीतच खायला बसलो, म्हटलं निघायच्या आधी सगळं एकदा चालवून बघू. ट्रॅव्हलर व्हॅनचं कॅम्पर, म्हणजे आत झोपता-राहता येईल अशी गाडी केलीय ना आपण, तर इन्व्हर्टरवर १००० वॅटची केटली लावली आणि पाच मिनिटात बायको म्हणाली अहो काहीतरी जळल्यासारखं वास येतोय. गादी उचलली तर बॅटरीची वायर हात लावता येईना इतकी गरम!! त्याच गादीवर रात्री पोरं झोपणार होती.

घरी २३० व्होल्टवर हीच केटली साडेचार अँपिअरच्या आत चालते, पण गाडीतल्या १२ व्होल्टच्या बॅटरीवर १००० वॅट म्हणजे ८३ अँपिअर, वर इन्व्हर्टरचा लॉस, म्हणजे नव्वदच्या पुढेच. वायर पातळ, तिच्या टोकाचा लग (बॅटरीला जोडायची धातूची पट्टी) ढिला, आणि बॅटरीच्या प्लसजवळ फ्यूजच नाही, ज्याने फिटिंग केलं त्याने इन्व्हर्टरच्या आतल्या फ्यूजवर भागवलं होतं. मधली वायर कुठे घासून बॉडीला लागली तर पार दुसऱ्या टोकाला असलेला तो फ्यूज काय करणार?

दादाला फोन केला, तो लगेच आला. आधी मायनस काढला, मग प्लस. आता जाड केबल, बॅटरीपासून वीतभरावर फ्यूज, आणि बॅटरीला बंद डबा अन् बाहेर जाणारा पाइप, कारण पाण्याची बॅटरी चार्ज होताना हायड्रोजन सोडते आणि आमची तर थेट पोरांच्या उशाखाली होती. रात्रभर पंखा चालवायचा असला तरी बॅटरी निम्म्या चार्जच्या खाली उतरवायची नाही असंही दादाने बजावलंय.

कुणाची अशी गाडी असेल तर आजच गादी उचलून बघा प्लीज. आम्ही पुढच्या शनिवारी निघतोय.