गुरुजींची कात्रणं

कणकवलीत माझं डीटीपीचं दुकान आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, भजनी मंडळांची पावतीपुस्तकं आणि मधूनच एखादं पुस्तक. गेल्या वर्षी एका रिटायर्ड गुरुजींच्या सहस्रचंद्रदर्शनाचं काम आलं, त्यांनी आयुष्यभर इकडच्या साप्ताहिकांत लिहिलेल्या लेखांचं पुस्तक करायचं होतं. पुतण्याने कात्रणांची पिशवी आणून दिली, सोबत एक यादी. "ताई, यातले एवढे लेख मात्र घेऊ नका."

यादीतले लेख बहुतेक आणीबाणीच्या आगेमागचे होते. मी वगळलेलेही वाचले, कारण वाचल्याशिवाय मला क्रम लावता येत नाही. गुरुजी तरुणपणी राष्ट्र सेवा दलातले म्हणजे समाजवादी, इकडचे समाजवादी खासदार बॅरिस्टर नाथ पैंच्या सभांना सायकल मारत जाणारे. 1971 मध्ये नाथ पै गेले, मग मधु दंडवतेंचा प्रचार. आणीबाणीत मिसाखाली, म्हणजे खटल्याशिवाय डांबायच्या कायद्याखाली, येरवड्याला. तिथे समाजवादी आणि संघवाले एकाच तुरुंगात, भांडण पण एकत्र आणि जेवण पण एकत्र. 1977 ला दोघं एकाच जनता पक्षात आले आणि 1979 ला दुहेरी सदस्यत्वावरून फाटलं, म्हणजे पूर्वीच्या जनसंघवाल्यांनी संघाशी नातं ठेवून पक्षात राहावं की नाही. त्यावर गुरुजींनी जो लेख लिहिलाय तो आज वाचला तरी कान तापतात. आणि 1996 च्या कात्रणात हेच गुरुजी शिवसेना-भाजप युतीच्या बाजूने तेवढ्याच पोटतिडकीने लिहितायत! कार्यक्रमाचे पाहुणे आता त्याच बाजूचे, त्यामुळे पुतण्याची अडचण मला कळत होती.

पहिली प्रूफं काढली त्या दिवशी गुरुजी एकटेच रिक्षाने आले. चष्मा पुसला, पानं उलटली आणि थांबले. "एकोणऐंशीचो खंय गेलो?"

मी यादी दाखवली. त्यांनी ती नीट वाचली, घडी करून खिशात टाकली आणि म्हणाले, "सगळे घे. मी तेव्हा तसोच होतंय."

मग दुपारभर बसले. मी विचारलंच, गुरुजी बदललात कशाने? म्हणाले एका दिवसात काही झालं नाही. येरवड्यात ताप आला तेव्हा रात्रभर कपाळावर पट्ट्या ठेवणारा संघाचा होता, पण तेवढ्याने मत बदललं नाही, एकोणऐंशीचा लेख त्याच्यानंतरच लिहिला की. पुढे समाजवाद्यांची फूट आणि परत फूट बघून कंटाळले, गावातली पोरं दुसऱ्याच झेंड्याखाली जाताना दिसली, मनात वर्षानुवर्षं घुसळण चालू राहिली. 1991 ला नाना, म्हणजे मधु दंडवते, हरले त्या निवडणुकीत गुरुजी घरी बसून होते. ते सांगताना त्यांचा आवाज बसला.

नाशिक जेलचं पण त्यांनीच सांगितलं. 1934 च्या काँग्रेस समाजवादी पक्षाची कल्पना तिथे शिजली, आत जयप्रकाश, अच्युतराव पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता, आपल्या देवगडातल्या हिंदळ्याचे नानासाहेब गोरे. पुढे जयप्रकाश 1954 ला जीवनदान करून विनोबांच्या सर्वोदयात, अच्युतरावांनी 1950 मध्ये राजकारणच सोडलं, मसानी 1959 ला खुल्या बाजारवाल्या स्वतंत्र पक्षात म्हणजे पार उलट टोकाला, मेहता काँग्रेसचे मंत्री, आणि गोरे शेवटपर्यंत समाजवादीच. एकाच जेलमधली माणसं! यातला खोटा कोण, सांग बघू, म्हणाले.

मला पक्ष बदलणाऱ्यांची मनापासून चीड आहे. सकाळी एक झेंडा, संध्याकाळी दुसरा आणि मध्ये एक पद, हे आपण रोज बघतो. पण गुरुजींना काय मिळालं? कसलं पद नाही, कसलं कंत्राट नाही. उलट सेवादलातला जिवाभावाचा मित्र तुटला, बाजारात समोर आला तर रस्ता ओलांडायचा. असा बदल मला मान्य आहे, पटो न पटो.

जाता जाता त्यांनी एकोणऐंशीचं कात्रण उजेडाला धरून दाखवलं. मार्जिनमध्ये पेन्सिलीने बारीक अक्षरात "पटलं" आणि खाली तारीख. बायकोचं अक्षर. त्या गेल्या, पण होत्या तोवर नवऱ्याचा प्रत्येक लेख वाचून शेरा मारायच्या. मी लगेच 1996 चं काढलं. तिथे "पटलं नाही. तरी भाषा चांगली." गुरुजी म्हणाले, ती शेवटपर्यंत समाजवादीच राहिली, मतदानाला आम्ही एकाच रिक्षाने जायचो.

मी म्हटलं, शेरे स्कॅन करून लेखासोबतच टाकू या का? बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "टाक. तिचा तां रवांदे."

पुतण्याला फोन माझ्यासमोरच लावला. तिकडून आवाज चढला, पाहुण्यांचं काय, लोक काय म्हणतील. गुरुजी शांतपणे म्हणाले, पाहुण्यांक आधीच वाचूक दे, आणि यायचां नसलां तर नको येऊ देत. पुस्तक दोन फर्म्यांनी वाढलं, जादा खर्च पेन्शनमधून द्यायचं त्यांनीच कबूल केलं. शेवटी मी अनुक्रमणिका विषयवार लावली होती ती त्यांनी खोडली आणि प्रत्येक लेखापुढे स्वतःच्या हाताने साल लिहीत बसले, सगळ्यात जुन्यापासून.