कमरेचं पिस्तूल आणि गाडीमागचा लाल-निळा दिवा

टेक्सास. आज किराण्याच्या रांगेत पुढच्या माणसाच्या कमरेला पिस्तूल. कुणी वळूनही पाहिलं नाही. 1 सप्टेंबर 2021 पासून इथे 21 वर्षं पूर्ण झालेल्या, कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन बाळगता येते. उघड दिसणारी मात्र होल्स्टरमध्येच, म्हणजे पिस्तुलाच्या म्यानात, हवी. मूठ मुद्दाम दिसेल अशी पँटला खोचली की गुन्हा. परवाना काढलेल्यांनीही पिस्तूल उघड आणायला दुकानदाराला नको असेल तर प्रत्येक दारावर 30.07 ची (त्या कलमाच्या मजकुराची) पाटी, इंग्रजी आणि स्पॅनिशमध्ये, अक्षरं किमान एक इंच उंच.

खरी गडबड होते ती पोलिसांनी गाडी थांबवल्यावर. कागद डॅशबोर्डच्या कप्प्यात, पिस्तूलही तिथेच, आणि मागितल्याबरोबर हात आपसूक तिकडे! म्हणून कागद आणि पिस्तूल वेगळ्या जागी ठेवा. रात्री आतला दिवा लावा, काच खाली, दोन्ही हात स्टिअरिंगवर. पिस्तूल कुठे आहे ते तोंडाने सांगा, विचारल्याशिवाय हात हलवू नका. ज्याने पिस्तुलाचा परवाना काढलेला आहे त्याने, पिस्तूल जवळ असेल तर, ओळखपत्रासोबत तो परवानाही दाखवायचा असतो. सुरक्षेसाठी अधिकारी पिस्तूल तात्पुरतं काढून घेऊ शकतो. रस्त्यावर हुज्जत नको.

एच-वन-बी व्हिसावाल्या मंडळींनो, शिकारीच्या परवान्यासारखे मोजके अपवाद सोडले तर केंद्रीय कायद्याने तुम्हाला बंदूक जवळ ठेवायलाच बंदी आहे. मित्राची हातात धरून काढलेला फोटोही अंगाशी येऊ शकतो.