एका हेक्टरचा हिशोब

ब्राझीलच्या पारा राज्यात, ट्रान्सॲमेझॉनियन महामार्गापासून बरंच आत, एका कुटुंबाच्या जंगलात हेक्टरभर तुकडा आखून आम्ही झाडं मोजत होतो. दहा सेंटिमीटरहून जाड खोड दिसलं की पत्र्याचा बिल्ला ठोकायचा आणि नाव लिहायचं. 1970 च्या दशकात सरकारने या रस्त्यालगत शंभर-शंभर हेक्टरांच्या पट्ट्या वाटल्या. दुष्काळी ईशान्येतून आलेल्या माणसांना एवढं जंगल आधी अडचणच वाटलं असणार.

नावं सांगणारा आमचा स्थानिक जाणकार पानांकडे बघतच नसे. पानं होतीच कुठे, पार वर! कोयत्याने सालीला बारीक चीर, नाक जवळ, की निकाल. ब्रेऊच्या सालीला धुपासारखा वास. मातामाताची साल ओढली की दोरीसारखी लांब सोलून येते.

दुपारपर्यंत वही नावांनी भरली, पण बहुतेक नावांपुढे एकच झाड. ॲमेझॉनात वृक्षांच्या सुमारे 16,000 जाती असाव्यात असा अंदाज आहे आणि त्यातल्या जेमतेम 227 जातींची मिळून निम्मी झाडं भरतात. बाकीच्या हजारो जाती इथे एक, तिथे एक.

तेवढ्यात घरची म्हातारी आली. तिला आम्ही सगळे दोना म्हणायचो.

"मुली, याचे पैसे किती होतील?"

मी तिला पेरूतला 1989 चा गाजलेला अभ्यास सांगितला. इक्वितोस शहराजवळच्या मिशाना गावी एका हेक्टरात 842 झाडं, 275 जाती. त्यांपैकी 72 जातींच्या मालाला बाजारात भाव होता. दरवर्षीची फळं, चीक आणि जपून काढलेलं थोडं लाकूड, या सगळ्याची पुढच्या वर्षांची निव्वळ मिळकत त्या वेळी एकरकमी धरली, तर मूल्य 6,820 डॉलर.

"बाजार किती लांब होता?"

"तीसेक किलोमीटर."

"आणि सगळ्या गावाने तीच फळं नेली असती तर?"

या अभ्यासावर अर्थतज्ज्ञांनी घेतलेला आक्षेप तिने उभ्या उभ्या घेतला. मला हसू आलं. मग तीच मला तिची कमाई दाखवायला निघाली.

ओढ्याकाठी आंदिरोबाची झाडं दाटीने उभी होती. बिया वेचायच्या, उकळायच्या, काही आठवडे सावलीत ठेवायच्या, मग आतला गर मळून उतरत्या फळीवर उन्हात लावायचा. तेल थेंबाथेंबाने खाली येतं. वेळखाऊ काम, पण सगळा माल एका हाकेच्या अंतरावर. ब्राझील नटची झाडं मात्र पट्टीच्या पार टोकाला, लांब लांब. त्यांची दोन किलोपर्यंतची फळं पावसाळ्यात वरून आदळतात, म्हणून वाऱ्याच्या दिवशी तिकडे कुणी फिरकत नाही. शेजाऱ्याच्या कुरणातही तशी काही उभी होती. तोडायला कायद्याने बंदी, म्हणून राहिलेली. परागीकरण करणाऱ्या मोठ्या मधमाश्यांना भोवती जंगल लागतं. ते गेल्यावर फळ जेमतेम धरतं. शेजारी त्याचं खापर खुशाल हवामानावर फोडतो.

जातींच्या संख्येवरून उत्पन्न मोजणारे अहवाल मी पुष्कळ वाचलेत. एकेकट्या झाडामागची पायपीट त्यांत क्वचितच धरलेली असते.

परतल्यावर दोनाने वही मागितली. पाचांहून जास्त झाडं असलेल्या जातींपुढे खूण कर म्हणाली. यादी एवढीशी झाली. आंदिरोबा होतीच, पण ब्रेऊही निघाला. त्याची राळ होड्यांच्या फटी बुजवायला लागते. नदीवर गिऱ्हाईक कोण, ते विचारून यायला तिने मुलाला लगेच बजावलं.