कॉर्न स्नेकच्या जोड्या जुळवताना

अमेरिकेत आल्यापासून मी कॉर्न स्नेक पाळतो. हा येथल्याच आग्नेय भागातला बिनविषारी साप आहे. (भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे देशी साप पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे.)

माझी मादी अमेलानिस्टिक आहे, म्हणजे काळे रंगद्रव्य नसलेली, नारिंगी अंगाची आणि लाल डोळ्यांची. नर अनरिथ्रिस्टिक आहे, म्हणजे लाल रंगद्रव्य नसलेला, करड्या अंगाचा, गळ्याशी वयानुसार पिवळसर झाक चढलेला. दोन्ही जनुके अप्रभावी (म्हणजे आई-बाप दोघांकडून मिळाली तरच गुण दिसणारी) असल्यामुळे त्यांची सगळी पिल्ले दिसायला साधीच निघाली, परंतु प्रत्येकात दोन्ही जनुके दडलेली आहेत.

अशा दोन सापांची जोडी लावल्यास सोळा घरांच्या चौकटीत ९ साधी, ३ अमेलानिस्टिक, ३ अनरिथ्रिस्टिक आणि १ पांढरट गुलाबी ‘स्नो’ (दोन्ही रंगद्रव्ये नसलेला) असे प्रमाण येते. मात्र हे प्रमाण म्हणजे हमी नव्हे: १६ अंडी उबली तरी एकही स्नो न निघण्याची शक्यता सुमारे ३६ टक्के असते. त्याऐवजी अशा पिल्लाला जोडीदार म्हणून स्नो निवडला, तर प्रत्येक अंड्यामागे शक्यता एक चतुर्थांश होते आणि सोळाही अंडी हुकण्याची भीती जेमतेम १ टक्का उरते. म्हणून भावंडांची जोडी न लावता मी दुसऱ्या वंशातला स्नो नर शोधतो आहे. मादी पिल्ले तीन वर्षांची आणि ३०० ग्रॅमची होईपर्यंत त्यांची जोडी लावायची नाही, हे मात्र पक्के आहे.